चिकूचे काप वाळवताना थर्मामीटर कुठे ठेवावा?



हवामानाच्या बातम्यांत डहाणूचे तापमान आपण नेहमी ऐकतो. अमुक इतके कमाल, तमुक इतके किमान. ते ऐकून पुष्कळदा कोणी तरी म्हणतेच, ‘‘छे, आमच्या अंगणात तर याहून जास्त होते.’’ ते खोटे नसते. अंगणातल्या खांबाला टांगलेल्या थर्मामीटरवर ऊन पडते, खांब तापतो, खालची जमीन तापते, आणि थर्मामीटर या सगळ्यांची बेरीज दाखवतो. वेधशाळेची रीत अशी की थर्मामीटर पांढऱ्या रंगाच्या लाकडी पेटीत, माणसाच्या छातीच्या उंचीवर ठेवायचा. पेटीला चारही बाजूंनी झडपा असतात. वारा आत खेळतो, ऊन मात्र आत शिरत नाही. म्हणजे तिथे मोजतात ते हवेचे तापमान, उन्हाचे नव्हे.

ही गोष्ट आज सांगण्याचे कारण म्हणजे चिकूचा ड्रायर. आपल्या डहाणू-तलासरी भागात, बोर्डी-घोलवडच्या आगरापासून आतल्या पाड्यांपर्यंत, चिकूचे काप वाळवण्याचे काम आता बरेच बचत गट आणि बागायतदार करू लागले आहेत. ‘डहाणू घोलवड चिकू’ला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानांकन मिळाले म्हणून झाडावरून उतरवलेला चिकू थांबून राहत नाही. चारसहा दिवसांत तो पिकतो, मऊ पडतो, आणि हंगामात सगळ्यांचाच माल एकदम निघाला की बारीक फळाला भाव राहत नाही. असे फळ सोलून, कापून, वाळवून ठेवले तर चार महिन्यांनीही विकता येते. मात्र ते नीट वाळले पाहिजे. काप नीट वाळले की नाही हे ठरवताना आपण ज्या थर्मामीटरवर भरवसा ठेवतो, तो बहुतेक ठिकाणी चुकीच्या जागी लावलेला असतो.

माझीच गोष्ट सांगतो. नोकरीला लागून फार वर्षे झाली नव्हती. तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर महिलांच्या गटाला नवा विजेवरचा ड्रायर मिळाला होता. लोखंडी कपाट, आत आठ ट्रे, वरच्या अंगाला हीटर आणि पंखा. गरम हवा वरून आत यायची, ट्रेंमधून खाली उतरायची आणि तळाच्या झरोक्यातून बाहेर पडायची. दारावर, वरच्या बाजूला, एक गोल काटा बसवलेला. मी ताईंना सांगितले, ‘‘काटा साठावर ठेवा आणि दहा तास चालवा. काही बघायचे कारण नाही.’’

काटा साठावर होता, दहा तासही झाले. वरच्या ट्रेमधले काप छान तांबूस, खुटखुटीत. खालच्या ट्रेमधले हाताला जरा नरम लागत होते. गटातल्या एक वयस्क बाई म्हणाल्या, ‘‘साहेब, हे वरसारखे नाय झाले.’’ मी काट्याकडे बोट दाखवले आणि म्हणालो, ‘‘गरम आहेत म्हणून नरम लागतात, थंड झाले की कडक होतील.’’ सगळा माल एकत्र करून पिशव्या भरल्या, तोंडे बंद केली, दुकानात दिल्या. पंधरा दिवसांच्या आत सगळ्या परत आल्या. आत पांढरी बुरशी. नरम काप थोडेच होते, पण त्यांची ओल पिशवीतल्या चांगल्या कापांनाही लागली. गटाचा चिकू गेला, वीज गेली, सोलण्या-कापण्याची मजुरी गेली, आणि दुकानदाराने पुढचा माल घ्यायचे नाकारले. बाईंचा हात बरोबर सांगत होता, आणि मी काट्याचे ऐकले.

पुढे त्याच कपाटात हातातला थर्मामीटर ट्रे-ट्रेवर फिरवून पाहिला. दारावरचा काटा ६० दाखवत असताना सर्वांत खालच्या ट्रेवर ४५ च्या आसपास भरत होते. काट्यात बिघाड नव्हता. तो जिथे बसवला होता तिथले तापमान अगदी बरोबर सांगत होता. फक्त तिथे चिकू नव्हता.

आता असे का होते ते पाहू. ओल्या कापडावर वारा लागला की ते गार लागते, माठातले पाणी थंड होते, त्याचे कारण पाण्याची वाफ होताना उष्णता खर्च होते. ड्रायरमध्ये हेच घडते. साठ अंशांची कोरडी हवा पहिल्या ट्रेवरून जाते, तिथल्या कापांतले पाणी उचलते, आणि त्या कामात स्वतः थंड होते. दुसऱ्या ट्रेवर ती थोडी कमी गरम आणि थोडी दमट होऊन पोचते. आठव्या ट्रेपर्यंत तिच्यातला जोर संपत आलेला असतो. म्हणून एकाच कपाटात एकाच वेळी वरचे काप करपू लागतात आणि खालचे ओले राहतात. माल जितका जास्त भरला, काप जितके जाड केले, तितका हा फरक वाढतो. रिकाम्या कपाटात पाहाल तर फरक थोडाच दिसेल. त्यामुळे यंत्र बसवायला आलेला माणूस रिकाम्या ड्रायरवर जे आकडे दाखवतो त्यांचा आपल्याला फारसा उपयोग नाही. मोजायचे ते माल भरून.

चिकूच्या कापांसाठी हवा ५५ ते ६० अंश सेल्सिअस असावी. ६५ च्या पुढे गेली की फळातली साखर करपट होते, रंग काळपट पडतो. शिवाय सुरुवातीलाच आच फार दिली तर कापाची वरची बाजू कातडीसारखी घट्ट होते आणि आतले पाणी आतच कोंडते. असा काप हाताला वाळलेला लागतो, पण पिशवीत गेल्यावर आतली ओल बाहेर येते. उलट ४५ च्या खाली हवा फार वेळ राहिली तर आपल्याकडच्या दमट हवेत काप आंबूस होतात.

म्हणजे आपल्याला दोन वेगळ्या गोष्टी कळायला हव्यात. सर्वांत गरम जागी काप करपत नाहीत ना, ही एक. सर्वांत थंड जागी काप पुरते वाळले का, ही दुसरी. दोन थर्मामीटर असतील तर एक गरम हवा ज्या ट्रेला पहिल्यांदा लागते तिथे आणि दुसरा जिथून हवा बाहेर पडते त्या शेवटच्या ट्रेवर ठेवावा. पहिल्याकडे बघून हीटर कमीजास्त करायचा, दुसऱ्याकडे बघून काम संपले की नाही ते ठरवायचे. सुरुवातीला दोघांत पुष्कळ अंतर दिसेल. काप वाळत जातील तसे हवेला उचलायला पाणी उरत नाही, ती थंड होत नाही, आणि दोन्ही आकडे जवळ येऊ लागतात. दोघांतले अंतर दोनतीन अंशांवर आले की काम शेवटाला आले असे समजावे.

एकच थर्मामीटर असेल तर तो गरम ट्रेवर ठेवावा, कारण करपलेला माल परत सुधारत नाही, ओला राहिलेला आणखी वाळवता येतो. मग दर दोन तासांनी ट्रेंची जागा बदलावी. वरचा खाली, खालचा वर, आणि पुढचा भाग मागे जाईल असा फिरवूनही. कामाचे आहे, हात भाजतो, दार उघडल्याने थोडी उष्णता जाते. तरीही करावे. शेवटची पारख नेहमी सर्वांत ओल्या ट्रेवरच्या, मधल्या जाड कापावर करावी. कडेचा पातळ काप हातात घेऊन ‘झाले’ म्हणण्याची सवय फार जणांना आहे.

कपाटातली सर्वांत गरम आणि सर्वांत थंड जागा ओळखायची कशी? प्रत्येक कपाट वेगळे असते. कुणाच्यात हवा वरून येते, कुणाच्यात बाजूने, बिनपंख्याच्या भट्टीत खालून. दार नीट बसत नसेल तर तो कोपरा थंड. म्हणून नव्या ड्रायरचा एक दिवस यासाठी काढावा. माल भरून एक तास चालवावा. मग थर्मामीटर एकेका ट्रेवर, मध्यभागी आणि दोन्ही कडांना, पाचपाच मिनिटे ठेवून आकडा वहीत लिहावा. दार उघडल्याबरोबर आकडा पडतो, म्हणून शक्य तर लांब वायरीचा थर्मामीटर घ्यावा आणि दार बंद ठेवून बाहेर वाचावा. असे डिजिटल थर्मामीटर आता बाजारात सहज मिळतात आणि फार महागही नाहीत. पाऱ्याचा काचेचा थर्मामीटर खाण्याच्या वस्तूजवळ नेऊच नये. फुटला तर सगळा माल टाकावा लागेल. तापाचा थर्मामीटर तर ४२ अंशांच्या पुढे मोजतच नाही, तो घरातच बरा.

ट्रेवर ठेवताना थर्मामीटरचे टोक कापांच्या उंचीवर, त्यांच्यापासून दोन बोटे दूर, हवेत मोकळे असावे. टोक लोखंडी भिंतीला किंवा जाळीला टेकले की तो लोखंडाचे तापमान सांगेल. हीटरच्या समोर उघडे ठेवले तर हीटरची धग थेट त्यावर येते आणि आकडा वाढतो. तारेने ट्रेच्या कडेला असा बांधावा की टोक पुढे सुटे राहील.

उन्हावरच्या ड्रायरमध्ये, म्हणजे काचेच्या किंवा प्लास्टिक कागदाच्या छपराखाली, चूक होते ती बहुधा उलट्या बाजूने. तिथे थर्मामीटरवर सरळ ऊन पडते. तो ७० दाखवतो, ताई घाबरून झरोके उघडतात, आणि आतली हवा खरे तर पन्नाशीच्या आसपासच असते. याची परीक्षा अगदी सोपी आहे. थर्मामीटरवर पुठ्ठ्याचा तुकडा असा धरावा की सावली पडेल, पण वारा अडणार नाही. पाच मिनिटांनी आकडा बघावा. धाडकन खाली आला तर इतके दिवस आपण ऊन मोजत होतो. त्यावर कायमचा उपाय म्हणजे पांढऱ्या पुठ्ठ्याची, दोन्ही तोंडे उघडी असलेली नळी करून थर्मामीटरचे टोक तिच्यात ठेवावे. नळीचे तोंड हवा वाहते त्या दिशेला हवे. वेधशाळेच्या पेटीचीच ही लहान बहीण. कापांवर मात्र ऊन पडतेच, त्यामुळे ते त्या हवेपेक्षा थोडे जास्त तापू शकतात. म्हणून उन्हाच्या ड्रायरमध्ये सावलीतला आकडा ५५ च्या आतबाहेर ठेवलेला चांगला.

किनाऱ्यालगतच्या गावांना आणखी एक सांगणे आहे. सूर्य मावळला की समुद्राकडची हवा दमट होते आणि दिवसभर वाळलेले काप रात्री तीच ओल परत ओढून घेतात. संध्याकाळी थर्मामीटरचा आकडा ३५ च्या खाली येऊ लागला की वरचे-खालचे झरोके बंद करावेत, किंवा काप डब्यात भरून झाकण लावावे आणि सकाळी ऊन चढल्यावर पुन्हा पसरावेत. उघड्यावर चादरीवर वाळवणाऱ्यांच्या मालाला दोन दिवस जास्त लागतात ते बव्हंशी याच कारणाने. धूळ आणि माश्या वेगळ्या.

काही जण विचारतात, थर्मामीटर कापातच खुपसला तर? खुपसावा, पण त्याचा अर्थ समजून घेऊन. चिकूचे चार भाग केलेली जाड फोड असेल तर बारीक टोकाचा थर्मामीटर आडवा आत घालता येतो. पातळ कापात जाड दांडी घातली तर दांडीच बाहेरची उष्णता आत नेते आणि आकडा फसवतो. फोडीतले तापमान सुरुवातीचे काही तास हवेपेक्षा पुष्कळ कमी राहते. हवा ५८ असली तरी फोड चाळीसच्या जवळ रेंगाळते, कारण तिच्यातले पाणी उडते आहे. यावेळी ‘ड्रायर तापत नाही’ म्हणून हीटर वाढवू नये. पाणी संपत आले की फोडीचे तापमान आपोआप वर चढते आणि हवेच्या जवळ येते.

मांस किंवा मासे धुरावर शिजवणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. अमेरिकेत मांसाचा मोठा तुकडा लाकडाच्या धुरात तासन्‌तास ठेवतात. त्याच्या आतला आकडा ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान कुठे तरी काही तास अडून बसतो, कारण वरून पाणी उडत असते. नवशिका गडबडून जाळ वाढवतो, जाणता वाट बघतो. तिथेही दोन थर्मामीटर लागतात, एक जाळीच्या उंचीवर, मांसाजवळच्या हवेत, आणि दुसरा मांसाच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकता. पिंपाच्या झाकणावरचा काटा तिथेही फसवतोच. किनाऱ्यावरच्या काही भगिनी माशांना धुरी देऊन विकण्याचा विचार करत आहेत असे कळते, म्हणून हे मुद्दाम सांगतो. फळ ओले राहिले तर बुरशी डोळ्यांना दिसते आणि माल फेकला जातो. मासा किंवा कोंबडी आतून कच्ची राहिली तर काही दिसत नाही आणि खाणारा आजारी पडतो. अमेरिकेतील अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे गरम धुरीच्या माशाचा आतला भाग ६३ अंशांवर निदान अर्धा तास राहावा लागतो, आणि कोंबडीच्या मांसाचा आतला आकडा ७४ वर पोचावा लागतो. शिवाय अशी धुरी दिलेली मासळी नंतर बर्फात किंवा फ्रिजमध्येच ठेवावी लागते. आपल्या सुक्या बोंबलासारखी ती टांगून टिकत नाही. ज्यांच्याकडे आत खुपसायचा थर्मामीटर नाही त्यांनी हा धंदा सुरू करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

पुन्हा चिकूकडे येऊ. थर्मामीटर योग्य जागी ठेवला, पण तोच चुकीचा असेल तर? वर्षातून एकदोनदा तपासावा. फोडलेल्या बर्फात थोडे पाणी घालून त्यात टोक बुडवावे. शून्य दाखवले पाहिजे. मग उकळत्या पाण्यात धरावे, भांड्याच्या बुडाला न टेकता. आपण समुद्रसपाटीजवळ राहतो म्हणून आपल्याकडे पाणी १०० अंशांवरच उकळते. (महाबळेश्वरला ते पाचएक अंश आधीच उकळेल, तिथे थर्मामीटरला दोष देऊ नये.) दोन्हीकडे सारखाच दोन अंशांचा फरक दिसला तर थर्मामीटरवर चिकटपट्टी लावून ‘दोन मिळवा’ किंवा ‘दोन वजा’ असे लिहून ठेवावे. पाचसहा अंशांचा फरक असेल तर नवा आणावा.

शेवटी वजनाचा काटा. थर्मामीटरला हा सर्वांत चांगला साक्षीदार. चिकूच्या गरात साधारण तीन चतुर्थांश पाणी असते. सोलून, बिया काढून ट्रेवर पसरलेले काप दहा किलो असतील तर त्यांत अडीच किलोच्या आसपास खरा कोरडा भाग, बाकी पाणी. ओल शेकडा पंधरावर आणली की हे काप सुमारे तीन किलो भरतात. साडेतीन किलो भरले तर ओल अजून शेकडा पंचवीसच्या वर आहे आणि बुरशी येणार हे धरून चालावे. प्रत्येक ट्रेचे वजन वेगळे करावे. सगळ्यांचे मिळून बरोबर भरते आणि एक ट्रे ओला असतो, हेच आमच्या गटात झाले होते.

हाताची पारख काप थंड झाल्यावर करावी, गरम असताना नव्हे. पंख्याखाली दहा मिनिटे ठेवून मग वाकवावा. दाबल्यावर रस सुटू नये, दोन काप एकमेकांना चिकटू नयेत. नंतर सगळा माल एकदम पिशव्यांत भरू नये. आधी काचेच्या बरण्यांत दोनतृतीयांश भरून झाकण लावून आठवडाभर ठेवावा आणि रोज बरणी हलवावी. आतून काचेवर दव धरले तर तो माल परत ड्रायरमध्ये. आठवडाभर काच कोरडी राहिली तरच पिशवी भरावी.

त्या पाड्यावरच्या गटाने पुढच्या हंगामात दारावरच्या काट्यावर कागद चिकटवून टाकला. लांब वायरीचे दोन थर्मामीटर आणले, एक पहिल्या ट्रेला आणि एक आठव्या ट्रेला बांधला, आणि खालचे ट्रे नरम आहेत असे सांगणाऱ्या त्याच बाईंच्या हाती वही दिली. त्यांना लिहिता येत नव्हते, आकडे मात्र त्यांनी नातीकडून शिकून घेतले. दर दोन तासांनी दोन आकडे, शेवटी आठ वजने. त्या दुकानदाराने माल पुन्हा घ्यायला तिसरा हंगाम उजाडला. तोही आधी चार बरण्या आपल्या फळीवर महिनाभर ठेवून मगच.